बचावाचा सिनेमा बघाल तेव्हा

सिनेमा संपतो. बर्फात, गुहेत किंवा समुद्रात अडकलेला माणूस जिवंत बाहेर येतो, पडद्यावर नावं सरकू लागतात आणि घरातलं कुणीतरी सुस्कारा सोडून म्हणतं, "देव तारी त्याला कोण मारी!" तोवर दुसऱ्या कुणीतरी चॅनेल बदललेलं असतं. माझी विनंती या दोघांनाही आहे. रिमोटवाल्यानं दहा मिनिटं दम धरावा. आणि म्हणवाल्यानं ती म्हण तोंडातून बाहेर काढण्याआधी जरा इकडेतिकडे बघावं. आपण राहतो त्या पट्ट्यात ती सगळ्यांना सारखीच ऐकू येते असं नाही.

मी कोळगावच्या बाजूला राहणाऱ्या लोकांशी बोलतोय. २०१४ साली पालघर जिल्हा झाला, मग कोळगावात मुख्यालयाच्या मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, आणि आता दाखल्यासाठी सगळ्या जिल्ह्याचे पाय इकडे वळतात. या इमारतींच्या पश्चिमेला सातपाटी, मुरबे, वडराई. उत्तरेला बोईसर आणि तारापूरचे कारखाने. सिनेमातली संकटं दूरची असतात, आपली जवळची आहेत, एवढाच फरक.

मे २०२१ आठवा. १७ तारखेला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून वर गुजरातकडे गेलं. आपल्याकडे झाडं पडली, पत्रे उडाले, दिवसच्या दिवस वीज नव्हती. त्याच वादळात समुद्रात तेलविहिरींच्या कामावरचे काही तराफे, ज्यांना तिथले लोक बार्ज म्हणतात, नांगर सुटून भरकटले. त्यातला 'गाल कन्स्ट्रक्टर' वाऱ्याबरोबर वाहत वाहत सातपाटी-वडराईच्या समोर येऊन अडकला. त्यावर १३७ माणसं होती. दुसऱ्या दिवशी तटरक्षक दलानं हेलिकॉप्टरनं एकेकाला उचलून सगळेच्या सगळे १३७ जण काढले. दुसरा बार्ज 'पी-३०५'. तो हीरा तेलक्षेत्रात होता, त्यावर २६१ माणसं. त्याचेही नांगर सुटले, तो तेलविहिरीच्या एका प्लॅटफॉर्मवर आदळला आणि संध्याकाळी खोल पाण्यात बुडाला. लाइफ जॅकेटच्या आधारानं, एकमेकांचे हात धरून माणसं रात्रभर लाटांत होती. नौदलानं १८६ जणांना जिवंत काढलं. पुढे कितीतरी दिवस रायगडपासून वलसाडपर्यंतच्या किनाऱ्यांना मृतदेह लागत होते.

वादळ एक, दिवस एक, कामही तेच. आता ती म्हण लावून बघा. वडराईसमोरच्या १३७ जणांना देवानं तारलं म्हणायचं, तर हीरा क्षेत्रातल्या माणसांना त्यानं काय केलं? त्यांच्या घरी नवस नव्हते? त्यांच्या आयांनी दिवा लावला नव्हता? 'पी-३०५'वर जे वाचले आणि जे गेले, ते एकाच ताटातलं जेवले होते, एकाच पाण्यात पडले होते. हवामान खात्याचे इशारे तर काही दिवस आधीपासून येत होते. हिशेब मांडायचा तर तो माणसांचाच आधी मांडावा लागतो. कुणी थांबायचं ठरवलं, कुणाचे नांगर धरले नाहीत, कोण किनाऱ्याकडे वाहत आलं आणि कोण खोल पाण्यात गेलं.

मी स्वतः देवाला हात जोडणारा माणूस आहे, गैरसमज नको. वाचलेल्यानं "देवानं वाचवलं" म्हणावं, जरूर म्हणावं. ज्याच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं त्याची ती कृतज्ञता आहे आणि तिच्याशी वाद घालणारे आपण कोण? पण तेच वाक्य बाहेरच्या माणसानं, चहाचा कप हातात धरून, ज्या आळीत एक घर अजून सुतकात आहे तिथे मोठ्यानं म्हणू नये. त्या घरातल्या बाईला त्याचा एकच अर्थ ऐकू येतो. तुझ्या माणसाला देवानं सोडून दिलं.

बचावाचे चांगले सिनेमे नेमकं हे ओळखतात, म्हणून मी ते बघा म्हणतो. एकच निवडायचा तर 'सोसायटी ऑफ द स्नो'. स्पॅनिश भाषेतला, २०२३ सालचा, दिग्दर्शक जे. ए. बायोना. नेटफ्लिक्सवर आहे. गोष्ट खरी आहे. उरुग्वेचा एक रग्बी संघ आणि त्यांचे सोबती चिलीला निघाले होते. १३ ऑक्टोबर १९७२ रोजी त्यांचं विमान अँडीज पर्वतात कोसळलं. विमानात ४५ जण होते, ७२ दिवसांनंतर त्यातले १६ जिवंत परतले. खायला काही नव्हतं, तेव्हा मेलेल्या सोबत्यांचं मांस खाऊन ते जगले. सगळे श्रद्धाळू कॅथलिक घरांतले, बहुतेक विशीच्या आसपासचे. ज्यांना हे बघवणार नाही त्यांनी बघू नये, त्यात कमीपणा काही नाही.

या सिनेमाची सांगण्याची तऱ्हा अशी, की गोष्ट ज्याच्या तोंडून आपण ऐकतो तो नुमा तुर्कात्ती परत आलेला नाही. (हे आधीच सांगून तुमची थोडी गंमत घालवतोय, पण माझ्या मुद्द्याला ते लागतं.) ११ डिसेंबरला तो गेला आणि दुसऱ्याच दिवशी तिघं जण मदत आणायला डोंगर चढू लागले. म्हणजे 'सोळा वाचले'पेक्षा 'एकोणतीस राहिले' ही बाजू सिनेमानं पुढे ठेवली. मेलेल्या माणसाला बोलतं केलं, तेव्हा वाचलेल्यांचं मोठेपण कमी झालं नाही, फक्त त्याचा माज उतरला.

आणि श्रद्धेचं काय? तर एक प्रसंग नीट बघा. विमानाच्या फुटक्या सांगाड्यात रात्र आहे, आर्तुरो नोगेरा नावाच्या मुलाचे पाय मोडलेत, तो आता फार दिवसांचा नाही. त्याला त्याच्या श्रद्धेबद्दल विचारतात. लहानपणापासून शिकवलेल्या देवाबद्दल तो बोलत नाही. जखमा बघायला येणारा रॉबेर्तो, जो काही झालं तरी चालत राहील असा नांदो, सगळ्यांसाठी ते नकोसं मांस कापणारा दानिएल, यांच्यात माझा देव आहे, अशा अर्थाचं तो बोलतो. मला हा सगळ्या सिनेमाचा कणा वाटतो. कुणाला ते नास्तिकपणाचं वाटेल. आपल्याकडे ज्यांनी आजीच्या तोंडून संतांच्या गोष्टी ऐकल्यात, त्यांना ते अजिबात परकं वाटणार नाही.

खऱ्या घटनेतही हेच दिसतं. अपघातानंतर काही दिवसांनी त्यांनी ट्रान्झिस्टरवर ऐकलं, की शोध थांबवलाय. गुस्ताव्हो निकोलिच नावाच्या पोरानं ती बातमी सांगाड्यात बसलेल्यांना सांगितली ती चांगली बातमी म्हणून. आता बाहेरून कुणी येणार नाही, तेव्हा आपलं आपणच निघायचं, असा त्याचा हिशेब. तो स्वतः २९ ऑक्टोबरच्या हिमलोटात गेला, पण बोलला ते खरं ठरलं. फितो स्ट्राउखनं सीटचे पत्रे वाकवून उन्हात बर्फ वितळवायची सोय केली. कार्लितोस पाएस रात्री सगळ्यांना घेऊन जपमाळ म्हणायचा, आणि दिवसा तोच विमानातलं कापड सुई-दोऱ्यानं शिवून झोपायची पिशवी करत होता. शिवण त्याला लहानपणी आईनं शिकवली होती. त्या पिशवीच्या ऊबेवर त्या तिघांपैकी नांदो पारादो आणि रॉबेर्तो कानेस्सा दहा दिवस चालून एका चिलीच्या गुराख्यापर्यंत पोचले. पुढे वाचलेल्यांचं देवाबद्दल एकमत राहिलं नाही. पारादोनं लिहिलं, की मला देवानं नव्हे, वडिलांवरच्या प्रेमानं चालवलं. इतरांपैकी कितीतरी जणांना तिथे देव भेटला. सगळे एकाच सांगाड्यात झोपले होते!

जपमाळ आणि सुई एकाच हातात. मला एवढंच सांगायचंय, बाकी सगळा विस्तार आहे.

हे दूरच्या देशातलं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यातलं घ्या. डहाणू तालुक्यात, बोर्डी-घोलवडच्या मागे, बहरोटच्या गुंफा आहेत. तिथे आजही पारशी, इराणी मंडळी भाविकपणे जातात. 'किस्से संजान' या जुन्या फारसी काव्यात त्यांच्या पूर्वजांची गोष्ट आहे. इराण सोडून गलबतांतून येताना ते वादळात सापडले. यातून वाचलो तर पवित्र अग्नी स्थापन करू, असा त्यांनी नवस बोलला आणि वादळ शमलं. आपल्या सीमेपलीकडच्या संजाणला ते उतरले. इथवर ती कुठल्याही बचावाच्या सिनेमासारखी आहे. खरी गोष्ट पुढे आहे. अग्नी स्थापन केला म्हणजे नवस फिटला असं झालं नाही. तो रोज, दिवसातून अनेकदा, लाकूड घालून तेवता ठेवावा लागतो. पुढे संजाणवर स्वारी झाली तेव्हा त्यांनी तो अग्नी उचलला आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे बारा वर्षं बहरोटच्या डोंगरात सांभाळला. पावसाळ्यात त्या गुंफेत लाकूड कोरडं ठेवणं म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तिथून बांसदा, नवसारी असं करत १७४२ साली तो उदवाड्याला आला, अजून आहे. वादळातला नवस काही मिनिटांचा, तो फेडणं शेकडो वर्षांचं.

आपले नवस कसे फिटतात? महालक्ष्मीच्या जत्रेत नारळ, कोंबडं, पाच बायकांना जेवण, आणि मोकळे. त्याला माझी ना नाही. पण जीव वाचल्याचा नवस असेल तर त्यात दुसऱ्या कुणाचा जीव वाचेल असं काहीतरी घाला.

मल्याळममधला 'मंजुम्मेल बॉइज' हा २०२४ सालचा सिनेमा पोरांना आवडेल, हिंदीतही मिळतो. कोडाईकनालच्या गुणा गुहेत २००६ साली एक मित्र खोल भेगेत पडला. खाली जाऊन कुणी वाचलेलं नाही म्हणून तिथल्या लोकांनी आशा सोडली होती, तेव्हा सिजू डेव्हिड हा त्याचा मित्र कमरेला दोर बांधून उतरला आणि त्याला घेऊन वर आला. या सिनेमात देवाबद्दल थोडं बोलणं आहे, वरून येणाऱ्या उजेडाचं. पण वर खेचायला दोर होता आणि दोरावर दोस्त होते. हे सगळे एकत्र रस्सीखेच खेळणारे, आणि ती रस्सीखेच तिथे कामाला आली.

बोईसर-पालघरच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहणाऱ्यांना मात्र मी 'ट्रॅप्ड' सुचवेन. विक्रमादित्य मोटवानेचा, राजकुमार रावचा. मुंबईतल्या एका रिकाम्या टॉवरमध्ये एक तरुण स्वतःच्याच फ्लॅटमध्ये अडकतो. खाली माणसांनी भरलेलं शहर वाहतंय आणि याचा आवाज कुणापर्यंत पोचत नाही. शाकाहारी पोरगा, शेवटी कबूतर मारून खातो. आपल्याकडे २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली आणि स्टेशनाच्या दोन्ही बाजूंना इमारती उगवल्या. निम्म्या खिडक्या अजून अंधाऱ्या, शेजारचा पहाटेची गाडी धरतो आणि रात्री झोपायला येतो. तो चार दिवस दिसला नाही तर तुम्हाला कळेल? सोसायटीच्या गणपतीला आरतीसाठी आपण जिना उतरतो, तसा एकदा शेजाऱ्याचा नंबर घ्यायला चढा. त्याच्या घरच्यांपैकी कुणाचा तरी फोन तुमच्याकडे असू द्या. कारखान्यातून येणाऱ्यांना तर हे जास्त लागू आहे. तारापूरला स्फोट झाला की आख्खं बोईसर गच्चीवर चढून धूर बघतं, आणि अमुक कंपनीत आपल्या मजल्यावरचा कोण आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

एक गोष्ट मात्र या सिनेमांना जमत नाही. अडकलेला माणूस दिसतो, वाट बघणारं घर दिसत नाही. फार तर दोन मिनिटं आई रडते. आपल्याकडची अशी घरं बघा. डहाणू-तलासरीकडचे खलाशी गुजरातच्या ओखा, पोरबंदरच्या बोटींवर जातात. समुद्रात हद्द आखलेली नसते, पाकिस्तानी बोटी येतात, पकडून नेतात. मग इथे बायको, म्हातारा बाप आणि पोरं वर्षानुवर्षं तुरुंगाच्या यादीकडे डोळे लावून बसतात. यांच्या बचावात थरार नाही. रेशन आहे, शाळेची फी आहे, कागद घेऊन कोळगावच्या कचेरीत घातलेले हेलपाटे आहेत. ही वाट बघत राहण्याची श्रद्धा डोंगर चढण्याच्या श्रद्धेपेक्षा मला जड वाटते, कारण हिला करण्यासारखं फार काही नसतं. अशा घरात जाऊन "विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल" म्हणणं सोपं आहे. त्यापेक्षा त्या बाईबरोबर एकदा कचेरीत जा, अर्ज वाचून दाखवा, पोचपावती घ्यायला लावा.

आता सिनेमा बघण्याबद्दल थोडं. घरच्यांनी एकत्र बघा, मोबाइल लांब ठेवून. लहान मुलांना अँडीजचा सिनेमा दाखवू नका, दहावीच्या पुढच्यांना हरकत नाही. ज्या घरात माणूस समुद्रात, रुळावर किंवा कंपनीत गेलाय, तिथे आधी विचारा. कुणाला असे सिनेमे धीर देतात, कुणाची जखम उघडते, आणि बाहेरून ते कळत नाही. मंडळानं पडदा लावून दाखवायचा असेल तर परवानगीचं आधी बघा. नंतर चर्चा ठेवली तर भाषण ठेवू नका, नाहीतर माइक एकाच्या हातात जातो आणि बाकीचे वडापावची वाट बघतात.

मुलं प्रश्न विचारतील. "आई, देवानं नुमाला का नाही वाचवलं?" किंवा "आज्जी, आपले काका पण रोज पाया पडून जायचे ना?" अशा वेळी आपण गडबडतो आणि काहीतरी ठोकून देतो. गेल्या जन्मीचं असेल, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, त्याची वेळ आली होती. पोरगं गप्प बसतं, पण पटलेलं नसतं. पंधरा वर्षांनी देव सोडून देतं, तेव्हा आपण कॉलेजला दोष देतो. "मला नाही ठाऊक, बाळा. मलाही हा प्रश्न पडतो," असं म्हणून बघा. ज्या घरात हे म्हणता येतं त्या घरातली श्रद्धा मला जास्त टिकाऊ दिसलीय. मग काकांचा विषय निघू द्या. ते कसे हसायचे, सरंग्याचं जाळं लागलं की काय गायचे, कुणाकुणाला मासळी फुकट वाटायचे. सिनेमामुळे अर्धा तास त्या माणसाचं नाव घरात घेतलं गेलं, तर तिकिटाचे पैसे वसूल.

राहता राहिली कामाची गोष्ट, आणि ती माझ्या कोळी भावांसाठी. सातपाटीच्या बंदरात कुठल्याही बोटीच्या केबिनमध्ये डोकावा. पुढच्या फळीवर देवाची तसबीर, हार, उदबत्तीचं घर. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय बोट हलत नाही. आणि लाइफ जॅकेट? कुठेतरी जाळ्याखाली दाबलेली, नाहीतर खलाशाच्या उशाला. तांडेलला विचारलं तर उत्तर तयार असतं, "दादा, ते घालून जाळं ओढता येत नाही. उन्हात अंग भाजतं." खोटं नाही ते. जाड, नारिंगी जॅकेट घालून दिवसभर काम होत नाही, हे मान्य. पण खाडीच्या तोंडाशी गाळ साचलाय, भरती बघून आत शिरताना बोट हेलकावते, तेवढा वेळ घाला. रात्री लघवीला एकटा कठड्याशी जाताना घाला, कारण अंधारात माणूस पडला हे सकाळपर्यंत कुणाला कळत नाही. वारा फिरला आणि रेडिओवर इशारा आला, की सगळ्यांनी घाला, तांडेलनं पहिल्यांदा घालावं म्हणजे पोरं लाजणार नाहीत. आता कमरेला पट्ट्यासारखी बांधायची, दोरी ओढली की फुगणारी जॅकेटंही मिळतात. मच्छीमार सोसायटीनं एकत्र घेतली तर परवडतील, पुढच्या सभेत विषय काढा. आणि तसबिरीच्या शेजारी, हाराआड जाणार नाही असा, ठळक रंगात १५५४ लिहून ठेवा. तो तटरक्षक दलाचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असतो. किनाऱ्यापासून लांब गेलं की मोबाइल लागत नाही, म्हणून व्हीएचएफ सेट निघण्याआधी चालू करून बघा, आणि तो कसा वापरायचा हे तांडेलबरोबर सगळ्यात धाकट्या खलाशालाही शिकवा.